मुहादसाची तासिका परत द्या : आमच्या दुबईतल्या शाळेच्या प्रिन्सिपल मॅडमना खुलं पत्र

आदरणीय प्रिन्सिपल मॅडम, अरबी विभागातले सगळे सर-मिस आणि मॅनेजमेंट,

सविनय नमस्कार. हेच सगळं मी इंग्रजीत दोनदा मेल केलंय. पहिल्या मेलला "वुई विल गेट बॅक टू यू" असं आलं, दुसऱ्याला तेही नाही. म्हणून आता मराठीत आणि उघड लिहितेय, मॅडम तुम्ही स्वतः मराठी आहात आणि शाळेत निम्म्या वर्गांत तरी चार-पाच मराठी घरची पोरं आहेत, त्यांच्या आईबाबांनीही वाचावं अशी इच्छा आहे. शाळेचं नाव घालत नाही, कारण मला शाळेची बदनामी करायची नाहीये. मुलगी तिथेच शिकतेय आणि तिथेच शिकणार आहे.

विषय एप्रिलच्या सर्क्युलरचा. सहावी ते नववीची गुरुवारची मुहादसाची, म्हणजे नुसतं अरबी बोलायची तासिका बंद, तिच्या जागी "रिव्हिजन अँड वर्कशीट सपोर्ट". कारणं दोन दिलीत. लेखी परीक्षेचे मार्क वाढवायचेत, आणि बोलीभाषेमुळे मुलांचा गोंधळ होतो. ही दोन्ही कारणं मला पटलेली नाहीत, का ते सांगते.

आधी क्लिनिकमधला किस्सा. फेब्रुवारीत मुलीचा डोळ्यांचा नंबर काढायला गेलो होतो, वेटिंगमध्ये शेजारी एक इमाराती, म्हणजे इथल्याच मूळच्या, आजी बसलेल्या. चेहऱ्यावर बुरगा, हातात जपमाळ, अगदी प्रेमळ बाई. त्यांनी माझ्या मुलीकडे बघून हसत विचारलं, "शिस्मिच?" मुलगी गप्प. आजींनी परत विचारलं, मग "कम उमरिच?" असंही विचारलं, तरी ही माझ्याकडे बघतेय आणि मी तिच्याकडे. शेवटी आजीच म्हणाल्या, "नाम क्या है बेटी?" आणि पुढची दहा मिनिटं छान हिंदीत गप्पा मारल्या. त्यांच्या वडिलांचा मुंबईशी व्यापार होता म्हणे.

माझ्या मुलीला सातवीच्या फायनलला अरबीत 94 मार्क आहेत. पहिलीपासून शिकतेय. आणि तिला "तुझं नाव काय" हा प्रश्न कळला नाही. घरी येऊन तिला म्हटलं अगं "शू इस्मिच" म्हणत होत्या त्या, तर म्हणाली मम्मा आम्हाला "मा इस्मुकि" शिकवलंय, "शिस्मिच" कुठल्याच चॅप्टरमध्ये नाही. बरोबरच आहे तिचं. पण मॅडम, "उमर" तर आपलाही शब्द आहे ना, तो तरी ओळखू यायला हवा होता. तो आला नाही कारण तिच्या डोक्यात अरबी म्हणजे कागदावर दिसणारी गोष्ट आहे, कानावर पडणारी नाही.

तुम्ही म्हणाल दुबईत राहता तर बाहेर ऐकून शिकेल की. गावाकडचे नातेवाईक तर असंच धरून चालतात, सुट्टीत गेलं की "बोल गं जरा अरबीत" असा आग्रह, आणि पोरगी "अस्सलामु अलैकुम, शुक्रन" यावर गाडी थांबवते. पण तुम्हालाही माहितीये बाहेर काय ऐकू येतं ते. या देशात स्थानिक नागरिक साधारण दहात एक. बिल्डिंगचा वॉचमन पेशावरचा, बकाला म्हणजे किराणा दुकान चालवणारे चेट्टन केरळचे, टॅक्सीवाला बांगलादेशी, नर्स फिलिपिनो, बँकेतली मुलगी कुठलीही असली तरी बोलणार इंग्रजीत. मागच्या वर्षी मुहादसाच्या मिसनी वर्गात दुकान-दुकान खेळायला लावलं होतं, "हादा बिचम?" "ग़ाली वायद!" असं, म्हणजे हे कितीला आणि फार महाग. मुलगी एवढी खूष की त्याच संध्याकाळी बकाल्यात जाऊन लबानची बाटली उचलून "हादा बिचम?" विचारून आली, तर चेट्टन म्हणाले "क्या मोले, हिंदी में बोलो ना." तेव्हा बाहेरचं वातावरण मुलांना अरबी शिकवेल ही आशा सोडा. आमच्यासारख्या घरांतल्या मुलांना अरबी बोलायला मिळण्याची आठवड्यातली एकच जागा होती, गुरुवारची ती चाळीस मिनिटं. तीच तुम्ही काढून घेतलीत.

बाहेर जी ऐकू येते ती अरबी वेगळीच. माझे मिस्टर पंधरा वर्षं साइटवर आहेत, त्यांची अरबी म्हणजे "इंता रूह, बुक्रा ताल, अना माफी मालूम, कुल्लू सेम सेम", म्हणजे तू जा, उद्या ये, मला माहीत नाही, सगळं सारखंच. सगळ्या देशांतल्या कामगारांनी मिळून बनवलेली ही खिचडी. तिच्यावर काम भागतं आणि मला तिचं कौतुकही आहे. पण त्यात मुलाला तू, मुलीला तू, तुम्ही सगळे "इंता", क्रियापद एकाच रूपात, आणि नाही म्हणायचं तर पुढे "माफी" लावायचं. शाळेने बोलणं शिकवलं नाही तर पोरं हेच उचलणार, उचलतायतच. आठवीतली मुलं पीटीच्या सीरियन सरांना "इंता माफी क्लास टुडे?" म्हणतात, मी कानांनी ऐकलंय.

आता "बोलीभाषेने गोंधळ होतो" याबद्दल. मी भाषेची तज्ञ नाही, बीकॉम आहे, पण थोडं वाचलंय. अरबीत लिहायची भाषा एक आणि घरात बोलायची दुसरी, हा काही आपल्या शाळेला लागलेला नवीन शोध नाही. चार्ल्स फर्ग्युसन नावाच्या भाषातज्ञाने 1959 मध्येच यावर लेख लिहिला, एकाच समाजात वरच्या मानाची आणि रोजच्या वापराची अशी भाषेची दोन रूपं कशी नांदतात ते सांगायला त्याने जी उदाहरणं घेतली त्यात अरबी होती. फुसहा, म्हणजे पुस्तकातली शुद्ध अरबी, ही जगात कुठल्याच बाळाची मातृभाषा नाही. इमाराती, इजिप्शियन, सीरियन, सगळी मुलं घरी आपली आपली बोली बोलतात आणि शाळेत जाऊन फुसहा शिकतात, त्यांचा गोंधळ होत नाही. मग आमच्याच पोरांचा कसा होईल? ती तर घरी मराठी, वर्गात इंग्रजी, खाली खेळताना हिंदी आणि टेन्थ फ्लोअरच्या मैत्रिणीशी मल्याळम अशी उडी मारत असतात.

आपल्याकडे बघा ना. कोणी परदेशी मुलाने नऊ वर्षं पुस्तकातून मराठी शिकावी आणि कोल्हापुरात येऊन "महोदय, मज तृषा लागली आहे, उदक द्यावे" म्हणावं, पाणी मिळेल त्याला, पण लोक हसतील, आणि उत्तरादाखल "बस की रं लेका" म्हटलेलं त्याला काही कळणार नाही. आमच्या मुली तेच करतायत. वर्गात शिकल्या "उरीदु माअन". इथली माणसं म्हणतात "अबा माय". पाण्याला माय म्हणतात, मराठी पोर हा शब्द जन्मात विसरेल का! पण सांगणार कोण?

गैरसमज नको, फुसहा काढून टाका असं मी म्हणत नाहीये. वाचायला, बातम्या ऐकायला, मोरोक्कोपासून ओमानपर्यंत कुठेही समजायला तीच लागते. लेखनाला तीच असू दे. फक्त तोंडासाठी तिच्या जोडीला रोजची खलीजी, म्हणजे इथली आखाती बोली, असू दे, आठवड्यातून एकदा.

आता मार्कांचं. मॅडम, पेपर काढून बघा एकदा. उतारा, व्याकरण, इम्ला म्हणजे शुद्धलेखन, आणि तअबीर म्हणजे निबंध. बोलण्याला "पार्टिसिपेशन" नावाचे जे दहा मार्क आहेत ते सगळ्यांना आठ किंवा नऊ मिळतात, तोंड न उघडणाऱ्यालाही. निबंध पाठ केलेला. "उसरती", माझं कुटुंब, चौथीतही होता आणि आठवीतही आहे, मधल्या चार वर्षांत विशेषणं तेवढी वाढली. त्यात "अबी मुहंदिस", माझे बाबा इंजिनिअर, हे वाक्य नमुना उत्तरात आहे म्हणून वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाबा अरबीत इंजिनिअर आहेत. एका मुलीचे बाबा शेफ आहेत, तिने मिसला शेफला काय म्हणतात विचारलं तर उत्तर आलं की परीक्षेत नाहीये, मुहंदिसच लिही. मिसची चूक नाही ती, तिच्यावर पेपरचं प्रेशर आहे. पण त्या मुलीने स्वतःच्या बापाबद्दल खोटं लिहायला शिकलं, आणि खरं बोलायचा शब्द शिकायचा राहिला. ("तब्बाख़", मी शोधून दिला तिला.)

मी एक हिशोब मांडला. चार तासिका, चाळीस मिनिटांच्या, वर्षाचे साधारण 36 आठवडे. म्हणजे वर्षाला 96 तास, आणि पहिली ते नववी अरबी सक्तीची म्हणून नऊ वर्षांचे 864 तास. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषा शिकवणारी संस्था आहे ती अरबीला सगळ्यात अवघड गटात टाकते, मोठ्या माणसाला कामाची भाषा यायला 2200 तास वर्गात लागतात असं त्यांचं गणित. म्हणजे आमच्या मुलांकडे तसेही निम्म्याहून कमी तास आहेत, त्यांनी काही अस्खलित व्हावं अशी अपेक्षाच नाही माझी. पण 864 तासांत स्वतःचं नाव, घर कुठे, काय दुखतंय, काय हवंय, एवढं बोलता येऊ नये? ते तास जातात कुठे तर शब्दाच्या शेवटी दम्मा की फतहा, म्हणजे उ ची खूण की अ ची, यात जातात, जे बोलताना कोणी उच्चारतही नाही. आणि दहावीला विषय सुटला की सहा महिन्यांत सगळं पाटी कोरी. मोठ्या मुलाचं झालंय असं, म्हणून सांगतेय. तो आता बारावीत आहे, अरबी अक्षरं लावून बोर्ड वाचतो आणि अर्थ विचारला की खांदे उडवतो.

गंमत म्हणजे सरकारचं धोरण उलट्या दिशेला चाललंय. केएचडीएने, म्हणजे दुबईतल्या खाजगी शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, 2025 मध्ये दुबईतल्या खाजगी शाळा आणि नर्सऱ्यांत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अरबी आणली, आणि ती गाणी, गोष्टी, खेळ यातून. म्हणजे केजीतली पिल्लं अरबीत गाणी म्हणणार, आणि सहावीत आली की त्यांना आपण वर्कशीट देऊन गप्प बसवणार. हे कसं जुळतं ते मॅनेजमेंटने समजावून सांगावं.

18 डिसेंबरबद्दलही बोलायचंय. जागतिक अरबी भाषा दिन. शाळा दरवर्षी दणक्यात करते, कंदुरा म्हणजे पुरुषांचा लांब झगा, अबाया, खजूर, गहवा म्हणजे कॉफी, स्टेजवर कविता. मागच्या वेळी माझ्या मुलीने बारा ओळींची कविता म्हटली, उच्चार एकदम सुंदर, "ऐन" आणि "हा" ही अक्षरं घशातून, टाळ्या पडल्या, फोटो शाळेच्या पेजवर गेला. गाडीत तिला विचारलं कविता कशाबद्दल होती. म्हणाली बहुतेक पावसाबद्दल. अबायाचे 120 दिरहम दिले होते मी, त्याचं वाईट नाही वाटलं, या "बहुतेक"चं वाटलं.

आणखी एक, यावर थोडक्यात सांगते कारण हे दुसऱ्या पालकांचं दुखणं आहे आणि त्यांनी बोलावं. जी मुलं भारतातून मध्येच येतात, सहावीत, सातवीत, त्यांना अलिफ-बा माहीत नसताना वर्गाचंच पुस्तक हातात मिळतं. मग तासाला 80-100 दिरहमची ट्यूशन. ट्यूशनमध्ये काय, तर तोच निबंध पाठ.

जी मिस गुरुवारची तासिका घ्यायची तिच्याबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. ती जॉर्डनची, पण इमाराती लोक कसं बोलतात ते मुद्दाम शिकून घेऊन सांगायची. "क"चा कुठे "च" होतो, "ज"चा "य" कसा होतो, गहवाच्या "ग"मागे पुस्तकातल्या "क़हवा"चा "क़ाफ" कसा लपलाय. एकदा तिने फळ्यावर इथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यातले शब्द लिहिले, बंका म्हणजे फॅन, जूती म्हणजे चप्पल-बूट, सीदा म्हणजे सरळ, बेज़ात म्हणजे पैसे, आणि विचारलं ओळखीचं वाटतंय का काही? वर्ग उसळला म्हणे. 1966 पर्यंत इथे आपल्या देशाने काढलेला रुपया चालायचा, पैशाचे बेज़ात तिथूनच झाले. मुलीने घरी येऊन उलटी यादी काढायला घेतली, मराठीतले अरबी शब्द कोणते, आणि आम्ही रात्री जेवताना बसलो : हजर, तारीख, हिशोब, फक्त, कुलूप, वकील, अर्ज, मजकूर. "फक्त" तर अर्थासकट जसाच्या तसा. आणि आकडे! इंग्रजीत विचार करणारी मुलं अरबी आकड्यांत अडखळतात, ट्वेंटी-फाइव्ह उलटं करावं लागतं म्हणून. पण "ख़म्सा व इश्रीन" म्हणजे पाच आणि वीस, आपलं पंचवीस तसंच तर आहे, आधी एकं मग दशक. माझ्या मुलीला मराठी आकडे येत नव्हते, तिने अरबीच्या नादाने पंचवीस, सव्वीस, सत्तावीस पाठ केले. एका तासिकेने दोन भाषा सुधारल्या आणि सर्क्युलरमध्ये तिला "नॉन-एक्झाम पिरियड" म्हटलंय.

म्हणून मागण्या. साध्या आहेत, पैसे लागणाऱ्या जवळपास नाहीतच.

सहावी ते नववी मुहादसाची तासिका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर परत सुरू करा. पुस्तक बंद, वही बंद, पाच-सहा जणांचे गट, फक्त बोलणं आणि ऐकणं. चारातली एकच मागतेय.

तोंडी परीक्षेला किमान 20 मार्क द्या आणि ती खरी घ्या. प्रत्येक मुलाशी तीन मिनिटं, पाठ केलेला उतारा चालणार नाही, समोरच्याने प्रश्न विचारायचा. दोन टर्मला दोनदा. वाटल्यास रेकॉर्डिंग पालकांना ऐकवा, वर्षभरात फरक पडला की नाही आम्हालाच कळेल. मार्क पडतील सुरुवातीला, माझ्या मुलीचेही पडतील, चालेल.

रोजच्या वापरातली शंभर-दीडशे खलीजी वाक्यं अरबी विभागानेच ठरवा, फुसहातलं रूप शेजारी ठेवून. डॉक्टरकडे, दुकानात, लिफ्टमध्ये, फोनवर, मशिदीबाहेर पत्ता विचारला तर. ज्या मिस-सरांची बोली इजिप्शियन किंवा शामी, म्हणजे सीरिया-जॉर्डनकडची, आहे त्यांनी तीही ऐकवावी, लपवू नये, मुलांना कळू दे की "काय" याला कोणी "शू" म्हणतं आणि कोणी "एह".

मध्येच आलेल्या मुलांचा वेगळा गट करा, इयत्ता न बघता.

महिन्यातून एकदा अरबी बोलणारं माणूस वर्गात आणा. जवळच अरबी माध्यमाची शाळा आहे, तिथल्या मुलांना इंग्रजी बोलायचा सराव हवा असतो आणि आपल्यांना अरबीचा, अर्धा तास तुमचं अर्धा तास आमचं. क्लिनिकमधल्या त्या आजींसारखे निवृत्त लोक कितीतरी असतील, बोलावलं तर आनंदाने येतील असं मला वाटतं, निदान विचारून तर बघू. त्यासाठी फोन करणं, गाडी पाठवणं, चहा-पाणी बघणं ही कामं आम्ही पाच-सहा आया करायला तयार आहोत, नावं ऑफिसमध्ये दिलीत.

पालकांसाठीही एक बॅच काढा शनिवारी सकाळी. पैसे घ्या. मी पहिली बसेन, मिस्टरांनाही ओढून आणेन, त्यांचं "माफी मालूम" सुधारलं तर देव पावला.

आणि कृपा करून याला उत्तर म्हणून एखादं ॲप घेऊन देऊ नका. दोन वापरून झालीत. सफरचंदाचं चित्र दाबलं की "तुफ्फाहा" म्हणतं, आणि मुलगी त्याला उत्तर देऊ शकत नाही कारण ते काही विचारतच नाही.

आम्ही इथे चार दिवसांसाठी आलेलो नाही. पंधरा वर्षं झाली, मुलं इथेच वाढली, इथल्या शाळेत शिकली, कदाचित नोकरीही इथेच करतील. ज्या देशाने घर चालवायला दिलं तिथल्या म्हाताऱ्या बाईने नाव विचारलं तर तिच्या भाषेत नाव सांगता यावं, एवढ्यासाठी हे सगळं लिहिलंय.

पुढची पीटीएम शनिवारी आहे, मी साडेनऊला अरबी विभागाच्या टेबलापाशी असेन, मार्कशीट बघायला नाही, या सहा गोष्टींवर हो की नाही ऐकायला. त्याआधी लेखी उत्तर दिलंत तर आणखी बरं. मराठीत द्या, इंग्रजीत द्या, अरबीतही चालेल, मुलगी घडाघडा वाचून दाखवेल, अर्थ तेवढा आम्ही कोणालातरी विचारून घेऊ.

आपली नम्र,
आठवीतल्या एका मुलीची आई